कुठं थांबलो होतो याची चिठ्ठी ठेवायला कॉम्प्युटरला शिकवणारा ॲलन ट्युरिंग

हंगामात जालन्याच्या मोंढ्यात गेलात तर हमाल पोत्यावर पोतं चढवून थप्पी लावताना दिसतात. या थप्पीचा नियम साधा आहे. जे पोतं सगळ्यात शेवटी वर गेलं, तेच सगळ्यात आधी खाली येणार. मधलंच पोतं ओढायला गेलात तर थप्पी अंगावर.

आता त्याच जालन्यातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत या. रात्रीचे बारा वाजलेत. इंजिनिअरिंगचा एक पोरगा लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलाय. सकाळी प्रोजेक्ट दाखवायचाय आणि त्याचा पायथनमधला प्रोग्रॅम मधेच बंद पडलाय. स्क्रीनवर आठ-दहा ओळी आल्यात. अमुक फाईलच्या अमुक ओळीनं तमुक फंक्शन बोलावलं, त्यानं आणखी एकाला बोलावलं आणि तिथं घोटाळा झाला, असा सगळा माग त्यात आहे. ही यादीसुद्धा एक थप्पीच. इंग्रजीत तिला स्टॅक म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थही थप्पी असाच आहे.

पण प्रोग्रॅम तर बंद पडला. मग तो कुठून कुठं गेला होता, हे कॉम्प्युटरला कसं कळलं?

कारण जाता जाता तो प्रत्येक वळणावर एक चिठ्ठी ठेवत गेला होता. मी इथपर्यंत आलो होतो, काम झालं की इथंच परत यायचंय, अशी चिठ्ठी.

ही चिठ्ठी कुठं ठेवायची आणि परत कशी काढायची, हे १९४५ साली कागदावर मांडणारा माणूस म्हणजे ॲलन ट्युरिंग. हिटलरच्या फौजेचं एनिग्मा फोडणारा गणिती म्हणून तुम्ही त्याला ओळखत असाल. त्याच्यावर पिक्चरही येऊन गेला. पण चिठ्ठीची ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

आई-वडील भारतात, पोरं इंग्लंडमध्ये

ट्युरिंगच्या घराचं भारताशी जवळचं नातं होतं. वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आई एथेल सारा यांचा जन्म तर कोइमतूरजवळच्या पोदनूरचाच. तिचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य इंजिनिअर होते. ॲलनचा थोरला भाऊ जॉन कुन्नूरला जन्मला. ॲलनचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला.

तेव्हाच्या इंग्रज साहेबांना भारतातली हवा पोरांना मानवणार नाही असं वाटायचं. त्यामुळे ॲलन वर्षभराचा झाला तसे आई-वडील भारतात परतले आणि दोन्ही पोरं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंट लेनर्ड्स गावात, कर्नल वॉर्ड नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी ठेवली गेली. आई रजेवर यायची, काही महिने राहायची आणि परत बोटीत बसायची. ॲलनचं लहानपण असं निरोप देण्यात आणि वाट बघण्यात गेलं.

१९२६ साली शेरबोर्नच्या शाळेत नाव घातलं, तर नेमका पहिल्याच दिवशी इंग्लंडमध्ये देशव्यापी संप. रेल्वे बंद. तेरा वर्षांच्या या पोरानं साउदॅम्प्टन बंदरावरून सायकल काढली, वाटेत एक रात्र मुक्काम केला आणि साठेक मैल तुडवून शाळा गाठली. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर गाठायचं आणि निम्म्या वाटेनं परत यायचं, जवळपास एवढं ते अंतर.

या शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम भेटला. गणित, ग्रहतारे, रसायनं, दोघांच्या आवडी एकच. पण फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयानं ख्रिस्तोफर गेला. ॲलन हादरून गेला. माणूस गेल्यावर त्याच्या मनाचं काय होतं, मन आणि शरीर यांचा नेमका संबंध काय, असे प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसले. मन म्हणजे काय, हा प्रश्न पुढं त्यानं आयुष्यभर सोडला नाही.

पहिली चिठ्ठी, १९३६

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकून १९३५ साली तो तिथंच फेलो झाला. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यानं एक निबंध लिहिला. प्रश्न गणिताच्या पायाचा होता. ठराविक नियमांनी, डोकं न चालवता, नेमकं काय काय मोजता येतं?

उत्तरासाठी त्यानं एक काल्पनिक मशीन रचलं. एक लांबच लांब फीत, तिच्यावर चौकोन, एका वेळी एकच चौकोन वाचायचा, नियम बघायचा, लिहायचं किंवा खोडायचं आणि पुढं-मागं सरकायचं. आज याला ट्युरिंग मशीन म्हणतात.

आपल्या गोष्टीसाठी त्या निबंधातल्या दोन जागा महत्त्वाच्या आहेत.

पहिली जागा. हिशोब करणारा माणूस काम अर्धवट टाकून उठू शकतो, सगळं विसरू शकतो आणि नंतर येऊन तेच काम पुढं चालवू शकतो, असं ट्युरिंगनं म्हटलं. अट एकच. उठताना त्यानं एक चिठ्ठी लिहून ठेवली पाहिजे आणि पुढं काय करायचं ते त्यात नेमकं असलं पाहिजे. ट्युरिंगच्या लेखी त्या माणसाच्या मनाची त्या क्षणाची अवस्था आणि ही चिठ्ठी यांची किंमत सारखीच. चिठ्ठी पुरेशी नेमकी असेल, तर मन आठवायची गरज नाही.

दुसरी जागा म्हणजे सार्वत्रिक मशीन. दुसऱ्या कुठल्याही मशीनचे नियम फितीवर लिहून द्या, हे मशीन ते वाचून हुबेहूब तसंच वागतं. आज आपण ज्याला इंटरप्रिटर म्हणतो, त्याचा हा पूर्वज. पायथनही हेच करतो. तुमचा प्रोग्रॅम वाचतो आणि एकेक पाऊल चालवतो. ट्युरिंगचं सार्वत्रिक मशीन आणखी एक काम करायचं. प्रत्येक पावलाला चालू मशीनची संपूर्ण स्थिती फितीवर उतरवायचं. फितीवर काय लिहिलंय, कुठल्या चौकोनावर आहोत, कुठल्या अवस्थेत आहोत. म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या पोटात डोकावायची सोय त्या कागदी मशीनमध्येच होती.

सायकलची चेन

१९३८ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनहून डॉक्टरेट घेऊन तो परतला आणि महायुद्ध सुरू होताच, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्लेचली पार्कमधल्या गुप्त केंद्रात दाखल झाला. पोलंडच्या गणितींनी एनिग्मावर आधीच मोठं काम करून ठेवलं होतं. ट्युरिंगनं त्यापुढं जाऊन बॉम्ब नावाचं यंत्र रचलं. जर्मन पाणबुड्यांचे संदेश उलगडणाऱ्या हट ८ ची जबाबदारीही त्याच्याकडे होती.

तिथले सहकारी त्याच्या सायकलची एक गोष्ट सांगायचे. तिची चेन ठराविक अंतरानं निसटायची. दुसरा कुणी असता तर दुकान गाठलं असतं. ट्युरिंगनं पायडल किती वेळा फिरलं की चेन पडते ते मोजलं आणि त्याच्या आधल्या क्षणी तो उतरून ती नीट करू लागला. पुढं मोजणीवरूनच कारण सापडलं. चेनची एक खराब कडी आणि चाकाची एक वाकडी तार ठराविक फेऱ्यांनी एकमेकांसमोर यायची. बिघाड होतो त्या क्षणी कुठला भाग कुठं होता, हे बघायचं. प्रोग्रॅममधली चूक शोधणारा माणूस आजही नेमकं हेच करतो.

पेवात पुरलेली चिठ्ठी, १९४५

युद्ध संपलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये ट्युरिंग लंडनजवळच्या टेडिंग्टनला राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत रुजू झाला. काम होतं खराखुरा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर रचायचं. वर्ष संपेपर्यंत त्यानं अहवाल तयार केला. मशीनचं नाव एसीई. खर्चाचा अंदाज ११,२०० पौंड. मार्च १९४६ मध्ये तो अहवाल प्रयोगशाळेच्या समितीपुढं गेला.

या अहवालात ती चिठ्ठी परत आली.

आधी अडचण समजून घेऊ. तुम्ही पुरणपोळी करताय. कणिक मळता मळता लक्षात येतं, पुरण व्हायचंय. कणिक झाकून पुरणाकडे वळता. तिथं कळतं, डाळच शिजली नाही. पुरण बाजूला ठेवून कुकर लावता. डाळ शिजली की आधी पुरणाकडे यायचं आणि मग कणकेकडे. सगळ्यात शेवटी सोडलेलं काम सगळ्यात आधी हातात घ्यायचं. आपल्याला हे न सांगता जमतं. मशीनला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते.

ट्युरिंगच्या लक्षात आलं होतं, की मोठा प्रोग्रॅम म्हणजे असंख्य छोटी कामं आणि तीच तीच कामं ठिकठिकाणी लागतात. ती प्रत्येक वेळी नव्यानं लिहायची नाहीत. एकदाच लिहायची आणि लागतील तेव्हा बोलवायची. पण छोटं काम संपल्यावर परत कुठं जायचं? ते तर दर वेळी वेगळं असणार.

त्यानं सांगितलं, छोट्या कामाकडे वळताना मोठं काम कुठं सोडलं त्याची चिठ्ठी करा. अशा चिठ्ठ्यांची एक यादी ठेवा, सगळ्यात ताजी चिठ्ठी सगळ्यात शेवटी. ती ताजी चिठ्ठी यादीत नेमकी कुठं आहे, हे एका ठरलेल्या जागी लिहून ठेवा. नवं छोटं काम सुरू झालं किंवा संपलं की तो आकडा बदला. एवढंच.

चिठ्ठी ठेवण्याच्या क्रियेला त्यानं बेरी म्हटलं आणि काढण्याच्या क्रियेला अनबेरी. म्हणजे पुरणं आणि उकरणं. आपल्याकडे मराठवाड्यात जुनी माणसं जमिनीतल्या पेवात ज्वारी ठेवायची. वर टाकलेलं धान्य आधी निघायचं, तळातलं सगळ्यात शेवटी. ट्युरिंगचं पेव होतं पाऱ्यानं भरलेल्या नळ्यांचं. त्या पाऱ्यातून धावणाऱ्या ध्वनिलहरींच्या रूपात आकडे साठवायचे. एका मोठ्या नळीत १,०२४ बिट मावणार होते. तुमच्या फोनमधला एखादा साधा फोटोसुद्धा याच्या हजारो पट मोठा असतो.

पण सरकारी कामाची गती तिकडेही तशीच. मशीन रखडलं. वैतागलेला ट्युरिंग आधी केंब्रिजला आणि मग १९४८ साली मँचेस्टर विद्यापीठात गेला. त्याच्या आराखड्यावरून काटछाट करून केलेला पायलट एसीई १० मे १९५० रोजी पहिल्यांदा चालला, तेव्हा तो तिथं नव्हता.

पडद्यावरचे ठिपके

मँचेस्टरच्या मशीनमध्ये आठवण ठेवायला टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारख्या नळ्या होत्या आणि आत काय साठलंय ते बाहेरच्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात दिसायचं. ट्युरिंग ते ठिपके थेट वाचायचा. पाच-पाच ठिपक्यांचा गट म्हणजे टेलिप्रिंटरचं एक अक्षर, असे बत्तीस संकेत. ते पाठ करावेत अशी त्याची बाकीच्यांकडूनही अपेक्षा असायची. मशीनसाठी त्यानं पहिलं हस्तपुस्तक लिहिलं. ते वाचून अनेकांना घाम फुटला.

जून १९४९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत त्यानं एक छोटा निबंध वाचला. विषय होता, लांबलचक प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचं कसं? त्याचं म्हणणं असं, की सगळा प्रोग्रॅम एकदम तपासू नका. ठराविक टप्प्यांवर थांबा आणि त्या टप्प्यावर कुठल्या कप्प्यात काय असायला हवं ते लिहा. मग एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना ते खरं राहतं का, एवढंच बघा. उदाहरणासाठी फॅक्टोरियल काढणारा प्रोग्रॅम होता. फळ्यावर तो आकडे उलटे, म्हणजे मँचेस्टरच्या मशीनसारखे, लिहित गेला आणि ऐकणाऱ्यांचा गोंधळ उडाला, अशी आठवण तिथले यजमान मॉरिस विल्क्स यांनी पुढं नोंदवली.

१९५० साली मशीन विचार करू शकतं का, यावरचा त्याचा गाजलेला लेख आला. १९५१ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

देशानं केलेली परतफेड

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. त्यानं पोलिसात तक्रार दिली. चौकशीत त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचं त्यानंच सांगितलं. पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं इंग्लंडमध्ये तेव्हा गुन्हा होता. चोरीची तक्रार घेऊन गेलेला माणूस आरोपी होऊन बाहेर आला.

३१ मार्च १९५२ रोजी कोर्टापुढं त्यानं गुन्हा कबूल केला. तुरुंग टाळायचा तर वर्षभर स्त्री हार्मोन घ्यायचे, अशी अट घातली गेली. त्यानं ती स्वीकारली. शरीरावर व्हायचे ते परिणाम झाले. गुप्तलिपीच्या सरकारी कामाचे दरवाजेही बंद झाले. आपण युद्धात काय केलं, हे तो कोर्टात सांगू शकत नव्हता. ते गुपित होतं.

७ जून १९५४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विल्म्स्लोच्या घरी सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निकाल आला. पलंगाशेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं, पण ते कधी तपासलंच गेलं नाही. रसायनांशी खेळताना अपघात झाला असावा, असं आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

२००९ साली ब्रिटिश पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी सरकारच्या वतीनं माफी मागितली. २०१३ साली राणीनं त्याला माफी दिली. २०२१ साली पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. भारतात अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमातला भाग सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. तो कायदाही इंग्रजांनीच आपल्याकडे आणला होता.

चिठ्ठीचं पुढं काय झालं?

एसीईचा अहवाल मोजक्या लोकांपुरताच राहिला. प्रयोगशाळेनं तो पुन्हा छापला थेट १९७२ साली. तोपर्यंत जग पुढं गेलं होतं. १९५७ साली म्युनिकच्या बाउर आणि सामेलसन या जोडीनं स्टॅकच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. १९६० साली ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात डाइक्स्ट्रा यांनी, स्वतःलाच बोलावणारं फंक्शन स्टॅकवर कसं चालवायचं ते दाखवलं. त्यांनी ट्युरिंगची नक्कल केली असं नाही. अडचण तीच होती म्हणून वाटही तीच सापडली. पण ट्युरिंगची चिठ्ठी मात्र पुरलेलीच राहिली.

पुढं त्याच ॲमस्टरडॅमच्या केंद्रात काम करणाऱ्या खिडो व्हान रॉसम यांनी एक भाषा तयार केली आणि १९९१ साली ती जगासाठी खुली केली. ती भाषा म्हणजे पायथन.

पायथनमध्ये प्रत्येक फंक्शन चालू झालं की त्याच्या नावानं एक चिठ्ठी तयार होते. तिला फ्रेम म्हणतात. कुठला कोड चालू आहे, कितव्या ओळीवर आहोत, या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे आणि आपल्याला बोलावलं कुणी, एवढं सगळं तिच्यात असतं. या चिठ्ठ्यांची थप्पी म्हणजे स्टॅक. फंक्शन स्वतःलाच बोलवत सुटलं तर थप्पी आभाळाला भिडेल. म्हणून पायथन सहसा हजारच्या आसपास पोचल्यावर हात जोडतो आणि एरर देतो.

आणि ही थप्पी आपल्याला बघता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सिस नावाच्या मॉड्यूलमध्ये गेटफ्रेम नावाचं फंक्शन आहे. त्याला शून्य दिलं की चालू फ्रेम हातात येते, एक दिलं की बोलावणाऱ्याची. फ्रेमच्या मागच्या दुव्याला धरून एकेक पायरी उतरत थेट तळापर्यंत जाता येतं. वाटेत प्रत्येक फंक्शनची ओळ आणि त्याची व्हेरिएबल बघता येतात. एरर आल्यावर दिसणारी यादी, चूक शोधायची डिबगर नावाची साधनं, हे सगळं याच चिठ्ठ्यांवर चालतं.

मात्र त्या फंक्शनच्या नावाआधी एक अंडरस्कोर आहे. पायथनच्या रिवाजात त्याचा अर्थ, ही घरातली खोली आहे, विचारून या. कारणंही आहेत. पायथनच्या सगळ्याच आवृत्त्यांत ही सोय असेल याची हमी नाही. फ्रेम हातात धरून ठेवली तर तिच्यातली सगळी माहितीही मेमरीत अडकून राहते. आणि त्या माहितीत कुणाचा पासवर्ड असू शकतो. त्यामुळे शिकायला आणि चूक शोधायला जरूर वापरा, पण रोजच्या कामाचा प्रोग्रॅम त्यावर उभा करू नका.

आता जालन्याच्या त्या पोराकडे परत येऊ. त्याला एकच सांगणं आहे. एररची यादी खालून वर वाच. पायथन ती छापतानाच वर लिहितो, की सगळ्यात ताजी हाक सगळ्यात शेवटी आहे. चिठ्ठ्यांचा हा क्रम ट्युरिंगनं १९४५ च्या अहवालात सांगितला तोच. खालच्या ओळीत घोटाळा कुठं उघडा पडला ते कळेल. तिथून एकेक चिठ्ठी वर चढत गेलास, की चुकीची माहिती नेमकी कुणी पाठवली तेही सापडेल. सकाळपर्यंत वेळ आहे.